एक्सल बसत नाही

"काका, एक्सल बसत नाही जी,"
ती म्हणाली, तेव्हा मी चारही चाकं खोलली,
रॉड उजेडात धरून पाहिला.
सरळ. आटेही शाबूत.
मग हसली कापगत्यांची हर्षिका :
"लोखंडाचा नाही, उडीचा.
समोर तोंड करून उडायचं,
हवेत दीड गिरकी,
आन पाठमोरं उतरायचं, एका पायावर."
मी म्हटलं, एवढ्या मापाचा पाना
माझ्याजवळ नाही, बाई.

माझं दुकान अर्जुनीच्या रस्त्याला, समोर राईस मिल.
सायकली, ठेल्यांची चाकं, फवारणीचे पंप,
आणि सहा वर्षांपासून एका पोरीचे स्केट.
पहिला जोड नागपूरहून आलेला, कुणाचा तरी वापरून झालेला,
दोन नंबर मोठा.
पंजात चिंध्या कोंबून
धान वाळवायच्या ओट्यावर उभी राहिली
आणि सरळ पोत्यांच्या थप्पीत गेली.
नऊ वर्षांची होती. रडली नाही,
पोत्याला लाथ मारली.

शिकवायला मेंढे सर, पीटीचे.
स्वतः कधी चाकांवर उभे राहिले नाहीत.
मोबाईलवर परदेशी पोरींच्या उड्या
हळू करून, थांबवून, पुन्हा मागे नेऊन
ओट्यावर खडूनं पावलं काढायचे.
आता त्यांची बदली सिरोंच्याला.
ती फोन पोत्याला टेकवून उडी घेते,
पाठवते,
आणि रेंज आली तर रात्री उत्तर येतं :
डावा खांदा.

धान नसलं की ओटा तिचा.
धान आलं की दिवाणजी लांबूनच हात हलवतो.
दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत बंद,
उन्हाळी धानाचे आणखी महिनाभर.
स्पर्धांच्या तारखा काढणाऱ्यांना
धान कधी निघतं ते ठाऊक नसावं.

एक दाणा बेरिंगात गेला की चाक जाम.
मी टाचणीनं काढतो.
एकदा निघाला तो मोड आलेला.

पुण्याला राज्य स्पर्धेत तिसरी आली, बारा वर्षांची असताना.
तिची आई वडश्याच्या नाटक मंडळीचे कपडे शिवते,
राणीच्या शेल्यातून उरलेली जर
पोरीच्या झग्याला लावली होती.
परत आल्यावर पदक दाखवायच्या आधी म्हणाली,
"काका, तिथं लाकडाची जमीन हाये.
चाकं बोलतच नाही तिथं.
मले वाटलं, मी थांबली का काय."

तेव्हा एक्सल बसला होता.
गेल्या पावसाळ्यात ती चार बोटं उंच झाली
आणि बसलेला उठून गेला.
कुणाचा दोष नाही यात.
नवा जोड घेतला, चाकं बदलली,
मी बेरिंगं रॉकेलमध्ये रात्रभर ठेवून पाहिली.
वीस दिवसांवर निवड चाचणी.

आठ वाजता चौकीदार हॅलोजन लावून देतो.
मी शटर अर्धं ओढून पंक्चर शोधत बसतो,
कान तिकडे.
खर्रर्र जातो, वळतो, लांबतो,
मग एकदम काहीच नाही.
उडी म्हणजे मला एवढीच कळते,
आवाज नसतो तेवढी.
त्यानंतर टक्क आणि पुन्हा खर्रर्र, तर उतरली.
धप्प, तर पडली.
काल अठरा धप्प. दोन टक्क,
त्यातला एक मला खात्रीनं सांगता येत नाही.

आज नवव्या धप्पनंतर
बराच वेळ काही ऐकू आलं नाही.
टबात ट्यूब बुडालेली, बुडबुडे येत होते,
भोक सापडलं होतं,
तरी माझं बोट त्यावर जाईना.
उठून रस्त्यापलीकडे पाहिलं.
ओट्याच्या मधोमध ती उकिडवी बसलेली,
सिमेंटच्या फटीत अडकलेला दाणा
नखानं उकरत होती.
निघाला.
फेकला नाही. दाताखाली धरला,
साल थुंकली,
आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.